उमेदवाराची पूर्वसेवा आणि अनुभवाची गणना

विधानसभेची वा लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की उमेदवारांची परिचयपत्रके घरोघर पोहोचू लागतात. माजी सरपंच, पंचायत समितीचे माजी सभापती, साखर कारखान्याचे संचालक, सेवानिवृत्त सनदी अधिकारी, समाजकार्यात सदैव अग्रेसर अशी बिरुदे नावाखाली ओळीने छापलेली असतात. ही सर्व पूर्वसेवा राज्यकारभाराचा अनुभव म्हणून धरावी काय, आणि धरायची तर ती कशाने मोजावी, हा प्रश्न प्रातिनिधिक लोकशाहीच्या फार आधीपासून विचारला गेला आहे. अमात्य निवडणाऱ्या राजालाही तो सोडवावा लागत असे.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात अमात्यांच्या नियुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात पूर्वाचार्यांची मते एकामागून एक मांडली आहेत. भारद्वाजांच्या मते राजाने आपले सहाध्यायी नेमावेत, कारण त्यांचे सामर्थ्य त्याने जवळून पाहिलेले असते. विशालाक्ष आणि पराशर यांचा भर राजाशी असलेल्या निकटतेवर आणि निष्ठेवर आहे. पिशुनाचा आक्षेप असा की निष्ठा हा भक्तीचा गुण आहे, बुद्धीचा नव्हे. ज्यांना आधी एखादे काम सोपवले आणि ज्यांनी ठरलेले उत्पन्न किंवा त्याहून अधिक आणून दाखवले, त्यांनाच नेमावे. कौणपदन्त वंशपरंपरेचा पुरस्कार करतो, तर वातव्याधी नव्या माणसांचा. बाहुदन्तीपुत्र सांगतो की केवळ शास्त्र जाणणारा, पण प्रत्यक्ष काम न केलेला माणूस कामाच्या वेळी गोंधळतो. सर्वांचे ऐकून घेतल्यावर कौटिल्य म्हणतो की प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे, कारण माणसाची पात्रता त्याच्या कार्यसामर्थ्यावरूनच ठरते. पुढे तो एक महत्त्वाची मर्यादाही घालतो. अशा सर्वांना अमात्य करावे, परंतु मंत्री करू नये. अंमलबजावणीचा अनुभव आणि धोरण ठरवण्याची योग्यता यांत भेद आहे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा प्राचीन ग्रंथ माझ्या वाचनात नाही.

पूर्वसेवा हीच उमेदवारीची कायदेशीर अट करण्याचा प्रयोग प्राचीन रोममध्ये झाला. तेथील प्रजासत्ताकात सार्वजनिक पदांची एक चढती श्रेणी होती. तिला लॅटिनमध्ये ‘कुर्सुस होनोरुम’ म्हणत. मराठीत तिला मानपदांची श्रेणी म्हणता येईल. प्रथम क्वेस्टर म्हणून कोषाचे हिशेब सांभाळायचे, मग इडाइल होऊन रस्ते, बाजार आणि सार्वजनिक इमारती यांची देखभाल करायची, पुढे प्रीटर होऊन न्यायदान करायचे आणि शेवटी कॉन्सलपदासाठी उभे राहायचे. यांतील इडाइलची पायरी सक्तीची नव्हती, बाकीच्यांचा क्रम मात्र पाळावा लागे. इसवी सनपूर्व १८० मधील विलियस याच्या कायद्याने या पदांसाठी किमान वये ठरवली, आणि इसवी सनपूर्व ८१ च्या सुमारास सुल्ला याने ही श्रेणी आणखी काटेकोर केली. प्रसिद्ध वक्ता सिसेरो इसवी सनपूर्व ७५ मध्ये सिसिलीत क्वेस्टर होता, ६९ मध्ये इडाइल, ६६ मध्ये प्रीटर आणि ६३ मध्ये कॉन्सल झाला. धान्यपुरवठ्याचा आणि न्यायालयाचा अनुभव पाठीशी घेऊन माणूस सर्वोच्च पदावर जाई, ही या व्यवस्थेची बाजू निश्चितच स्पृहणीय आहे. मात्र प्रत्येक पायरी चढायला संपत्ती आणि घराण्याचे वजन लागे, म्हणून ही श्रेणी व्यवहारात मूठभर कुळांच्या हाती राहिली.

याच्या अगदी उलट दिशेने विचार करणारी व्यवस्था आपल्या देशात तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे कोरून ठेवलेली आहे. चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकिर्दीतील, सुमारे इसवी सन ९१९ आणि ९२१ या वर्षांचे दोन शिलालेख तेथील वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर आहेत. गावाचे ३० विभाग पाडलेले होते. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून घटात टाकली जात आणि एका अजाण बालकाच्या हातून चिठ्ठी काढली जाई. पात्रतेसाठी करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरील घर, ३५ ते ७० हे वय, विद्या आणि कार्यकुशलता यांची अट होती. या लेखांतील दोन तरतुदी आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातात. मागील ३ वर्षांत ज्याने समितीवर काम केले असेल, त्याचे नाव घटात घालता येत नसे. तसेच पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब सादर केला नसेल, तो स्वतः आणि त्याचे जवळचे नातलगही अपात्र ठरत. ही ब्राह्मण भूधारकांची सभा होती आणि बहुसंख्य ग्रामस्थ तिच्या बाहेर होते, हे नोंदवणे आवश्यक आहे. तरीही न दिलेला हिशेब हा पूर्वसेवेतील सर्वांत मोठा दोष मानण्याची त्यांची दृष्टी आजही आदरास पात्र आहे.

आता भारताच्या संविधानाकडे वळू. लोकसभेच्या उमेदवारासाठी अनुच्छेद ८४ नुसार भारतीय नागरिकत्व आणि किमान २५ वर्षे वय, तर राज्यसभेसाठी ३० वर्षे वय पुरेसे आहे. अनुच्छेद १७३ मध्ये विधानसभा आणि विधानपरिषद यांसाठी अनुक्रमे हीच वये आहेत. पंचायतीसाठी २१ वर्षे. राष्ट्रपतिपदासाठी ३५ वर्षे. अनुभवाची अट कोठेही नाही. याउलट उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यासाठी अनुच्छेद २१७ प्रमाणे १० वर्षे न्यायिक पद किंवा १० वर्षे वकिली आवश्यक आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत समारोपाचे भाषण करताना अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी नेमकी हीच विसंगती खेदपूर्वक बोलून दाखवली होती. कायदा राबवणाऱ्याला आणि त्याचा अर्थ लावणाऱ्याला आपण उच्च पात्रता लावतो, पण कायदा करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडे कोणतीच लावत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तथापि ज्या देशात बहुसंख्य जनतेला शतकानुशतके सत्तास्थानांपासून दूर ठेवले गेले, तेथे अनुभवाची अट घालणे म्हणजे जुन्या सत्ताधाऱ्यांनाच पुन्हा दार उघडून देणे ठरले असते. संविधानकारांचा निर्णय योग्य होता, असे माझे ठाम मत आहे.

संविधानात ‘व्यावहारिक अनुभव’ हे शब्द येतात ते नामनिर्देशित सदस्यांच्या संदर्भात. राज्यसभेतील १२ सदस्य साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील विशेष ज्ञान अथवा व्यावहारिक अनुभवाच्या आधारे राष्ट्रपती नेमतात. राज्यांच्या विधानपरिषदांसाठी अनुच्छेद १७१ मध्ये याच यादीत सहकारी चळवळीची भर घातलेली आहे. महाराष्ट्र विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी १२ जागा अशा नामनिर्देशनाच्या आहेत आणि २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी निवडून द्यायच्या आहेत. समाजसेवा आणि सहकार यांतील कार्य हा विधिमंडळासाठी उपयुक्त अनुभव आहे, याला संविधानाची स्पष्ट मान्यता आहे, ती येथे.

थेट निवडणुकीत कायदा पूर्वसेवेची दखल घेतो, पण ती केवळ दोषाच्या बाजूने. लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती अपात्र असते, म्हणून शासकीय सेवकाला आधी सेवा सोडावी लागते. भ्रष्टाचार किंवा राजद्रोही वर्तन यांसाठी बडतर्फ झालेला सेवक लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ९ नुसार ५ वर्षे अपात्र असतो. निवडणूक खर्चाचा हिशेब विहित रीतीने न देणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते, आणि येथे उत्तरमेरूरची आठवण झाल्यावाचून राहत नाही. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ मधील निर्णयांमुळे त्यात गुन्हेगारी खटले, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती येते. पुढे व्यवसाय आणि उत्पन्नाचे स्रोत हेही रकाने आले. मात्र उमेदवाराने पूर्वी कोणती सार्वजनिक पदे भूषवली आणि तेथे काय केले, यासाठी रकाना नाही. गेल्या १० वर्षांत शासकीय निवासस्थान वापरले असल्यास त्याचे भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांची थकबाकी नाही, एवढे मात्र लिहून द्यावे लागते. मंत्री म्हणून ५ वर्षे केलेल्या कामातून शपथपत्रात उरते ते पाण्याचे देयक.

पूर्वसेवेच्या प्रकारांत स्थानिक स्वराज्याचे स्थान सर्वांत वरचे मानावे लागेल. १८ मे १८८२ च्या ठरावात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक संस्थांचा हेतूच लोकांचे राजकीय शिक्षण असा सांगितला होता. मुंबईत फिरोजशहा मेहता यांनी नगरपालिकेचे अध्यक्षपद अनेकदा भूषवले, १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या घडणीत मोठा वाटा उचलला आणि तोच अनुभव घेऊन ते कायदेमंडळात गेले. वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये अहमदाबाद नगरपालिकेत निवडून आले आणि १९२४ ते १९२८ या काळात तिचे अध्यक्ष होते. गटारे, पाणीपुरवठा आणि पूर यांचा सामना केलेल्या या माणसाने पुढे संस्थानांचे विलीनीकरण ज्या प्रशासकीय पकडीने केले, तिची पहिली तालीम अहमदाबादेत झाली होती. विदर्भात वसंतराव नाईक १९४६ मध्ये पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि तिच्या शिफारशींनुसार झालेल्या कायद्याने १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यरत झाल्या. पुढील वर्षी ते मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले.

या जिल्हा परिषदांनी महाराष्ट्राला नेतृत्वाची एक अखंड मालिका दिली. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख जिल्हा परिषद आणि पंचायत समितीमार्गे १९८० मध्ये विधानसभेत आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्रिपदी पोहोचले. आर. आर. पाटील १९७९ पासून सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते, १९९० मध्ये तासगावमधून आमदार झाले आणि ग्रामविकास खाते हाती येताच त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान उभे केले. निधी वाटण्याऐवजी गावांमध्ये स्पर्धा लावली तर गावकरी स्वतः झाडू हाती घेतात, ही जाण गावात काम केल्याखेरीज येत नाही.

जिल्हा परिषद सदस्य नेमके काय शिकतो, हे पाहण्यासाठी ओढ्यावरील एका साध्या मोरीचे काम घ्यावे. प्रथम ग्रामसभेचा ठराव लागतो. शाखा अभियंता जागेची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करतो. मग प्रशासकीय मान्यता, त्यानंतर तांत्रिक मान्यता, मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. काम सुरू झाले की मोजमाप पुस्तिकेत पायाची खोली, नळ्यांचा व्यास, काँक्रीटचे घनमीटर यांची नोंद होते आणि तिच्याआधारे ठेकेदाराचे देयक निघते. मुदतीत खर्च न झालेला निधी परत जातो. वर्ष-दोन वर्षांनी लेखापरीक्षक येतो आणि एखाद्या नोंदीवर आक्षेप काढतो, त्याचे अनुपालन करावे लागते. जो सदस्य ही फाईल टेबलामागून टेबल हलताना पाहतो, स्थायी समितीत तिच्यावर प्रश्न विचारतो आणि पावसाळ्याच्या आधी नळ्या बसल्या की नाही हे जागेवर जाऊन तपासतो, त्याला राज्याचा अर्थसंकल्प वाचताना कोठे थांबायचे ते कळते. जो केवळ भूमिपूजनाला नारळ फोडतो, त्याच्या वाट्याला हा अनुभव येत नाही. दोघांच्याही परिचयपत्रकात मात्र ‘माजी जिल्हा परिषद सदस्य’ हेच लिहिलेले असते.

पद आणि अनुभव यांतील हे अंतर महिला प्रतिनिधींच्या बाबतीत अधिक ठळक होते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि महाराष्ट्राने हे प्रमाण पुढे ५० टक्के केले. काही ठिकाणी सरपंच बाईंच्या खुर्चीशेजारी पतिराज बसून कारभार हाकतात आणि गावात त्यांना सरपंचपती म्हणतात. तेथे पद बाईंचे आणि अनुभव दुसऱ्याचा. पण जेथे बाईंनी ग्रामसभा स्वतः चालवली, पाण्याच्या टाकीची जागा स्वतः ठरवली आणि दप्तर वाचून सही केली, तेथे ५ वर्षांत तयार झालेली कार्यकर्ती कोणत्याही सभागृहात उभी राहू शकते.

सहकार क्षेत्राविषयी थोडक्यात सांगता येईल. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभारलेल्या कारखान्यापासून महाराष्ट्रात सहकारी साखर उद्योगाचा पाया घातला गेला. सांगलीच्या वसंतदादा पाटलांचे शालेय शिक्षण अल्प होते, तरी कारखाना आणि सहकारी संस्था उभारताना मिळालेले ज्ञान त्यांना मुख्यमंत्री म्हणून उपयोगी पडले. भागभांडवल, गाळप हंगाम, उसाचा दर आणि कामगारांचा पगार यांचा मेळ घालणे हे खरे कारभाराचे शिक्षण आहे. त्याच संस्था पुढे मतांची पेढी म्हणून वापरल्या गेल्या तेव्हा संचालकपदाचे हे मूल्य घटले.

प्रशासकीय सेवेच्या अनुभवाचे सर्वोत्तम उदाहरण म्हणून चिंतामणराव देशमुख यांच्याकडे पाहावे. रायगड जिल्ह्यातील नाते येथे १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेत प्रथम आले. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी प्रदीर्घ सेवा केली, १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते. १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले तेव्हा त्यांनी एकही सार्वत्रिक निवडणूक लढवलेली नव्हती. १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यांच्या कारकिर्दीत झाले. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि या राजीनाम्याने ते आज्ञापालक अधिकाऱ्याच्या भूमिकेतून लोकप्रतिनिधीच्या भूमिकेत पूर्णतः आले, असे मला वाटते. अमात्य मंत्री होऊ शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले आणि १,१२,७६९ मतमूल्यासह व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यानंतर तिसरे आले. त्या मतदानात पक्षीय फळ्यांपुढे अर्धशतकाची सेवा फिकी पडली. अनुभव असणे आणि निवडून येणे यांचा संबंध किती सैल आहे, हे १९५२ मध्येही दिसले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळलेले, संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरले. तो पराभव सभागृहाची हानी होता.

पद नसलेल्या समाजसेवेला अनुभव म्हणावे काय, हा वाद अमेरिकेत २००८ मध्ये फार गाजला. बराक ओबामा १९८५ ते १९८८ या काळात शिकागोच्या दक्षिण भागात लोकसंघटक होते. अलास्काच्या गव्हर्नर आणि वसिला गावच्या माजी महापौर सारा पेलिन यांनी पक्षाच्या अधिवेशनात त्या कामाची खिल्ली उडवली. महापौराकडे प्रत्यक्ष जबाबदारी असते, असा त्यांचा रोख होता. त्याच देशाच्या इतिहासात दोन्ही बाजूंना पुरतील अशी उदाहरणे आहेत. संसद सदस्य, सिनेटर, परराष्ट्रमंत्री, रशिया आणि ब्रिटनमधील राजदूत अशी कारकीर्द असलेले जेम्स ब्युकॅनन १८५७ मध्ये अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच कार्यकाळाच्या अखेरीस राज्ये फुटून निघाली. त्यांच्यामागून आलेले अब्राहम लिंकन एका खेड्याचे पोस्टमास्तर, राज्य विधिमंडळाचे सदस्य आणि केवळ एका मुदतीचे संसद सदस्य होते.

आपल्याकडे या वादाचे उत्तर नारायण मल्हार जोशी यांनी आपल्या कामाने शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा नव्या सदस्यांना ५ वर्षांचे शिक्षण बंधनकारक केले, कारण सार्वजनिक सेवा ही अभ्यासाने करायची गोष्ट आहे अशी त्यांची श्रद्धा होती. त्या संस्थेतून आलेल्या ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीगच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांचे काम केले. चाळीतील एका खोलीत किती माणसे राहतात आणि बाळंतपणानंतर गिरणीतील बाई किती दिवसांत कामावर परतते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून बसल्यावर त्यांनी त्याच वर्षी कामगार संघटनांना कायदेशीर संरक्षण देण्याचा ठराव मांडला, आणि १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. प्रसूतिलाभाचे विधेयकही त्यांनी मांडले. त्यांच्या हाती कोणतेही प्रशासकीय पद नव्हते. तरीही ही पूर्वसेवा अनुभव नव्हती, असे कोण म्हणेल?

या सर्व उदाहरणांचा विचार करता पूर्वसेवा अनुभव ठरण्यासाठी मला एकच कसोटी ग्राह्य वाटते. त्या व्यक्तीने स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतले काय, आणि त्या निर्णयांचा हिशेब लोकांसमोर ठेवला काय? वर्षांची संख्या आणि पदांची उंची या गौण गोष्टी आहेत. हा हिशेब तपासण्याची साधने आज उपलब्ध आहेत. ग्रामसभेचे व सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, सदस्यांची उपस्थिती, विचारलेले प्रश्न आणि लेखापरीक्षणातील प्रलंबित आक्षेप ही सर्व कागदपत्रे माहितीचा अधिकार अधिनियम २००५ नुसार कोणत्याही नागरिकाला मागता येतात. निवडणूक आयोगाने नमुना २६ मध्ये एक रकाना वाढवावा आणि उमेदवाराने पूर्वी भूषवलेली पदे, तेथील उपस्थिती आणि अनुत्तरित लेखाआक्षेप शपथेवर लिहून घ्यावेत, अशी आग्रहाची सूचना आहे. तोपर्यंत सुजाण वाचकांनी आपल्या मतदारसंघातील उमेदवाराचे परिचयपत्रक हाती आल्यावर त्यातील एक तरी पद निवडावे आणि त्या कार्यालयात माहितीचा अर्ज करावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.